एकशे अठराव्या पाटीवरचा हात

३ फेब्रुवारी

महोदया,

आपलं चौकशीपत्र संग्रहालयाच्या कचेरीत फिरून, तीन शिक्के आणि चहाचा एक डाग घेऊन तळघरातल्या माझ्या टेबलावर पोचलं. विषय: पाटी क्रमांक एकशे अठरा, भाजलेली माती, पडलेला एजॅक्स आणि त्याच्यावर वस्त्र घालणारी स्त्री. आपल्या सहा प्रश्नांची उत्तरं विचारलेल्या क्रमाने देतो.

एक. उंची त्रेचाळीस सेंटिमीटर चार मिलिमीटर. रुंदी साठ सेंटिमीटर सात मिलिमीटर. नोंदवहीत एकसष्ट लिहिलं आहे ते चूक. ज्या पट्टीने मोजलं तिचं टोक झिजलेलं होतं. ती पट्टी अजून कचेरीत आहे आणि अजून वापरतात.

दोन. जाडी वरच्या कडेला एकोणीस मिलिमीटर, खालच्या कडेला चोवीस. माती ओली असताना पाटी उभी ठेवली असणार, म्हणून खाली बसली.

तीन. पाठीतून बाहेर आलेलं तलवारीचं टोक अकरा मिलिमीटर, किंचित डावीकडे झुकलेलं.

चार. स्त्रीच्या वस्त्राच्या चुण्या चौदा. आपल्या लेखात तेरा छापल्या आहेत. चौदावी कोपराच्या मागे आहे, ती पाहायला वाकावं लागतं.

पाच. स्त्रीच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचा कोन: मागाहून कळवतो.

सहा. पूर्वी कधी दुरुस्ती झाली आहे काय: नोंदवहीत तशी नोंद नाही.

साचे विभाग, तळघर.

ता. क. सहीखाली अजून दोन रेघा ओढतेस. एक पुरते.

१९ फेब्रुवारी

मिरे,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणून मोकळेपणी लिहितो.

तुझा लेख साहेबांनी दिला. साहेब म्हणजे आमचे संचालक. ‘मास्तर, आपल्या पाटीवर कुणा बाईंनी पान पान लिहिलंय, वाचा, तुम्हाला मजा येईल.’ त्यांना माहीत नाही की ती बाई माझी मुलगी आहे. कसं असणार? तू आईचं माहेरचं आडनाव लावतेस. मी म्हटलं, वाचतो. आणि दोनदा वाचला, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. चुका फक्त तीन आहेत. मी शाळा सातवीत सोडलेला माणूस, पण चुका तीनच आहेत हे मी छातीठोकपणे सांगतो.

एजॅक्सची गोष्ट तुला पहिल्यांदा मीच सांगितली होती, ह्याच तळघरात, प्लॅस्टरच्या पोत्यावर बसवून. तू सात वर्षांची असशील. सगळ्यांत धिप्पाड, सगळ्यांत कमी बोलणारा. मेलेल्या मित्राला खांद्यावर टाकून रणातून बाहेर काढलं त्याने, आणि त्या मित्राचं चिलखत सभेत मिळालं कुणाला, तर गोड बोलणाऱ्याला. ह्याचं डोकं फिरलं. ज्यांनी निवाडा केला तेच हे, असं समजून त्याने मेंढ्यांच्या कळपावर तलवार चालवली. भान आलं तेव्हा समोर मेंढ्या पडलेल्या. ती लाज त्याला सोसली नाही, आणि त्याच तलवारीवर त्याने स्वतःला झोकून दिलं. तू सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, ‘बाबा, त्याने मेंढ्यांची माफी मागितली का?’ मी म्हटलं, नाही. तू म्हणालीस, ‘मागायला हवी होती ना पण.’

ते तुझ्या लेखात कुठे नाही. असायला हवं होतं.

बाकी तू लिहिलंयस ते बरोबर आहे. ह्या माणसाचं पडणं कुणी दाखवलेलंच नाही. मी पुस्तकांतली चित्रं भिंग लावून पाहिली आहेत. एका काळ्या भांड्यावर तो उकिडवा बसलाय आणि तलवारीची मूठ जमिनीत रोवून भोवतीची माती हाताने थापतोय, एखादं रोप लावावं तितक्या निगुतीने. दुसऱ्या एका जागी त्याची कातडी इतकी टणक की तलवारच धनुष्यासारखी वाकलीय. एका नक्षीत तो मेलेल्या मेंढ्यांमध्ये डोकं धरून बसलाय, झालं ते कळलंय पण अजून काही ठरवलेलं नाही. पुढे शेकडो वर्षांनी ज्यांनी काढला त्यांनी नुसते दंड आणि मांड्या काढल्या, माणूस काढलाच नाही. सगळे एक तर आधीचं काढतात, नाही तर नंतरचं. मधलं कुणी काढत नाही. मला वाटतं, मधलं ज्याने पाहिलं असेल तो चित्र काढायला बसत नसेल.

आणि नंतरच्या चित्रांत ती बाई येते. त्याची बायको म्हण. युद्धात पकडून आणलेली, पण त्याच्या मुलाची आई. ती येते आणि त्याच्यावर वस्त्र घालते. तू लिहितेस: ‘इतरांनी झाकलेला एजॅक्स दाखवला. पाटी क्रमांक एकशे अठराच्या अनाम कारागिराने मात्र झाकणारा हात मध्येच थांबवला आहे. हा हात वस्त्र ओढत नाही, सोडतही नाही. त्याचा अंगठा कामकरी बाईचा आहे. पडलेल्या वीराच्या साऱ्या चित्रणांत एवढा खरा हात दुसरा नाही.’

हा लेख म्हणजे तुझ्या येणाऱ्या पुस्तकातलं एक प्रकरण, आणि ते सारं तू ह्या एका हातावर उभं केलंयस. प्रकरणाचं नावसुद्धा ‘थांबलेला हात’. आणि पुस्तक एप्रिलच्या मध्याला छापायला जातंय.

मिरे, तो हात दोन हजार वर्षांचा नाही. सात वर्षांचा आहे. तो मी केलाय.

७ मार्च

मिरे,

हेही टाकणार नाही.

माझी खोली तुला आठवत असेलच. काही बदललेलं नाही. वर छताला लागून ती जाळीची खिडकी, आणि तिच्यातून दिसणारे रस्त्यावरच्या लोकांचे पाय. सदतीस वर्षं मी माणसं घोट्यापर्यंत ओळखतो. साहेबांचा उजवा बूट बाहेरच्या बाजूने झिजतो, त्यामुळे ते दारात यायच्या आधी मला कळतं की येतायत. सोमवारी आले.

‘मास्तर, एक सही.’

‘कसली?’

‘एकशे अठरा प्रवासाला निघालीय. मोठं प्रदर्शन आहे, सगळीकडचे पडलेले वीर एका दालनात. पाटी आहे तशी आहे, कुठे नवीन भर नाही, एवढंच लिहून हवंय. साच्यांचे तुम्ही प्रमुख, सही तुमचीच चालते.’

‘चष्मा घरी राहिला.’

‘डोक्यावर आहे.’

मंगळवारी मी म्हटलं, पुन्हा एकदा नीट तपासून मग करतो. बुधवारी म्हटलं, पेन बिघडलंय. साहेब हसले. बिचारे सज्जन आहेत. त्यांना वाटलं, म्हातारा भाव खातोय. गुरुवारी ते स्टूल ओढून समोर बसले आणि तुझा लेख उघडून मोठ्याने वाचू लागले. ‘अनाम कारागीर’ म्हणाले. ‘हाताच्या शिरांमध्ये रक्त असल्याचा भास’ म्हणाले. ‘ह्या दर्जाचा हात घडवणारा माणूस आपल्या काळातला थोर गुरू असला पाहिजे’ म्हणाले. वाचून झाल्यावर म्हणाले, ‘मास्तर, ही एवढी मोठी बाई आपल्या पाटीसाठी जीव टाकतेय आणि तुम्ही एक सही टाकत नाही!’

मी सही केली.

कारण काय ते सांगतो, सांगायला लाज वाटते तरी. तू कॉलेजात पहिली आलीस तेव्हा मी म्हणालो होतो, पुस्तकं वाचून हात येत नाही. त्यानंतर माझ्या कामाबद्दल तुझ्या तोंडून चांगला शब्द मी ऐकला नाही, आणि मागितलाही नाही. गुरुवारी तो साहेबांच्या तोंडून ऐकला. थोर गुरू. मला वाटलं, आणखी एकदा वाचा म्हणावं.

सही स्वच्छ आली. एक थेंब सांडला नाही. जाता जाता साहेब म्हणाले, ‘ह्याची एक प्रत त्या बाईंनाही पाठवतो, मागितली होती त्यांनी.’

म्हणजे आता मी तुला खोटं बोललोय, शिक्क्यासकट. तेव्हापासून खोलीत हवा कमी झाल्यासारखं वाटतं. सांगितलं तर तुझं पुस्तक कोसळतं. नाही सांगितलं तर आज ना उद्या कुणीतरी दिवा आणि सुई घेऊन येणार, मातीच्या जागी प्लॅस्टर निघणार, आणि मग तू कोसळणार, साऱ्या जगासमोर. मी सगळ्या बाजूंनी मोजून पाहिलं. बाहेर पडायला जागा सापडत नाही.

१८ मार्च

मिरे,

तुझं दुसरं स्मरणपत्र आलं. ‘महोदय, प्रश्न क्रमांक पाचचे उत्तर अद्याप प्रलंबित आहे.’ एवढंच. पहिल्यातही एवढंच होतं. शाबास. कुणाची मुलगी आहेस ते कळतं.

इथे साहेबांनी त्या हाताचं छायाचित्र मोठं करून कापडावर छापलंय आणि दर्शनी भिंतीवर टांगलंय. दोन मजले उंच. पाटीवर जो माझ्या करंगळीएवढा आहे, तो आता झाडाएवढा झालाय. मी रोज सकाळी त्याच्या खालून जातो. आमचा पहारेकरी, त्याला आम्ही ‘घड्याळ’ म्हणतो कारण तो दिवसभर सगळ्यांना वेळ विचारतो, तो काल म्हणाला, ‘मास्तर, ह्या बाईंचा हात बघितला की मला वाटतं, मी काहीतरी चोरून नेतोय आणि त्या म्हणतायत, थांब रे बाबा.’

मी म्हटलं, ‘काय चोरलंयस?’

‘काही नाही हो. पण वाटतं. किती वाजले?’

ह्याच घड्याळाने आज दुपारी मला कोठारात कोंडलं. मी आत आहे हे न पाहता दाराची कडी घातली आणि जेवायला गेला. लोखंडी दार, आतून मूठ नाही. एक तास चाळीस मिनिटं. वीस पेट्या, एक दिवा, मी, आणि प्रवासासाठी पेटीत कापसावर आडवी ठेवलेली एकशे अठरा.

पहिली दहा मिनिटं मी ओरडलो. मग वाटलं, कशाला ओरडायचं? सात वर्षं आत बसलोयच, आज बाहेरून कडी आहे एवढाच फरक.

खिशात पटाशी होती, बारीक, तीन मिलिमीटरची. मनात आलं, मनगटाच्या खाली सांधा कुठे आहे ते फक्त मलाच माहीत आहे. एक टोला. ‘पेटीत ठेवताना तुटला’ म्हणायचं. मूळ हाताचाही पत्ता नाही, नव्याचाही नाही. कोणती बाई कोणत्या हाताबद्दल लिहून बसलीय, ह्याचा प्रश्नच उरत नाही. मी पटाशी टेकवलीसुद्धा.

दिवा बाजूला होता, त्यामुळे अंगठ्याची सावली कापसावर पडली होती. ती वाकडी सावली बघितली आणि मला ते करता येईना. दुसऱ्या कुणाचा हात असता तर केलंही असतं. मी काही फार चांगला माणूस नाही.

घड्याळाने दार उघडलं आणि पहिलं वाक्य काय बोलावं? ‘मास्तर, आत वेळ कळते का हो?’

मी म्हटलं, ‘चांगलीच कळते.’

२३ मार्च

मिरे,

आज नीट लिहितो. हे आणि आधीची तीन, सगळी एकत्र टाकीन.

सात वर्षांपूर्वी साहेबांनी मला एकशे अठराची प्रत करायला सांगितली, आणि बजावलं की रबराचा साचा घ्या. मी म्हटलं, रबराला प्लॅस्टरची धार येत नाही. तीस वर्षांत माझ्या हातून एक टवका उडाला नव्हता, त्यामुळे कुणी वाद घातला नाही. पाटीवर त्या बाईचा हात पुढे आलेला होता आणि त्याखाली पोकळी होती. अशा पोकळीत आधी मेण भरायचं, मग प्लॅस्टर ओतायचं. नाही भरलं तर प्लॅस्टर आत जाऊन घट्ट बसतं, आणि साचा निघताना वस्तू घेऊनच निघतो. हे नवशिकासुद्धा पहिल्या आठवड्यात शिकतो. तूसुद्धा शिकली होतीस.

मेण वितळायला ठेवलं होतं तेव्हा फोन आला. तुझी आई. ‘अहो, घरी सोडतायत मला. म्हणतात, घरीच बरं.’ असं सांगितलं जसं काही बरी होऊनच येतेय. मी म्हटलं, ‘छान झालं.’ फोन ठेवला, गॅस बंद केला, प्लॅस्टर कालवलं आणि ओतलं. मेण तसंच राहिलं भांड्यात.

साचा काढला तेव्हा हात त्याच्यासोबत आला. सात तुकडे आणि उरलेली पूड.

कुणाला सांगितलं नाही. पाटीवर कापड टाकलं, ‘काम चालू’ची पाटी लावली, अकरा दिवसांची रजा टाकली आणि साच्याचा तो तुकडा रुमालात गुंडाळून घरी आणला. साच्यात मूळ हाताचा ठसा पूर्ण होता, नखापर्यंत. त्यात प्लॅस्टर भरलं असतं तर मूळचा हात जसाच्या तसा निघाला असता. एका दिवसाचं काम. साहेबांना सांगून, नोंदवहीत दोन ओळी लिहून, सगळं सरळ झालं असतं. हे मी तेव्हाही जाणत होतो.

पण मूळचा हात वाईट होता, मिरे. पाटी करणाऱ्याला पाठ जमली होती, वस्त्र जमलं होतं, हात जमला नव्हता. पळीसारखा. चार बोटं एका मापाची, आणि वस्त्र मुठीत धरून तोंडावर ओढणारा, जसे सगळेच ओढतात तसा. मी ठसा तुझ्या आईला दाखवला. ती उशीला टेकून बसली होती, खिडकीशी. तिने तुकडा उन्हात धरला, फिरवून बघितला.

‘ह्या हाताने आयुष्यात सुईत दोरा ओवला नसेल,’ म्हणाली.

‘मी पण तेच म्हणतोय.’

‘मग माझा घ्या.’

‘काहीतरीच काय?’

‘का? तुमच्या त्या दगडामातीच्या बायकांनाच मान? तीस वर्षं तिकीट काढून येतेय मी तुमच्याकडे. एकदा फुकट आत जाऊ द्या.’

दोन दिवस मी नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी तिनेच बाही वर केली. तिच्या हाताला साबणाचं पाणी लावलं आणि प्लॅस्टर घातलं. ‘थंड आहे,’ म्हणाली. मी म्हटलं, घट्ट होताना गरम होतं, घाबरू नकोस. वीस मिनिटं हलायचं नाही. मी मनगट धरून बसलो. दहाव्या मिनिटाला ती म्हणाली, ‘लग्नाला एकतीस वर्षं झाली, सलग एवढा वेळ हात कधी धरला नव्हता हो तुम्ही.’ मी म्हटलं, बोलू नकोस, हात हलतो. ती हसली, आणि खरंच हलला. करंगळीपाशी एक रेघ उमटलीय. ती मी तशीच ठेवली.

साचा निघाला तेव्हा ती दमली होती. म्हणाली, ‘मिरीला सांगा हं. तिला मजा वाटेल.’ आणि झोपली. झोप मोडू नये म्हणून मी तिची नखं धुतली नाहीत. म्हटलं, उठली की धुऊ. त्यानंतर ती नीटशी उठलीच नाही. दोन दिवसांनी गेली.

तू संध्याकाळी आलीस. तिचा हात हातात घेतलास आणि नखांतला पांढरा रंग बघितलास. सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणालीस, ‘बाबा, तिच्या नखांतसुद्धा तुमचं प्लॅस्टर? शेवटच्या दिवसांत तरी हात धुऊन तिच्याजवळ बसायचं होतं.’ आणि मी म्हणालो, ‘आहे. मग?’

ह्या दोन शब्दांवर सात वर्षं गेली. त्या क्षणी खरं सांगणं सोपं होतं, पण तिथे तुझी आत्या होती, मामा होता, शेजारी होते, आणि मला जाब विचारला जात होता. मला जाब विचारलेला चालत नाही. नंतर रोज वाटायचं, आज लिहू. रोज वाटायचं, आधी तिने लिहू दे.

पुढच्या महिनाभरात मी तिचा हात पाटीच्या मापाला लहान केला, प्रमाणाचा कंपास लावून, एकेक पेर मोजून. प्लॅस्टर, विटेची पूड, सरस. पाटीवर बसवला तेव्हा तो वस्त्र ओढेना. तिचा हात ओढणारा नव्हताच. तो आपसूक तिथे थांबला. तो थांबवायचं मी काही ठरवलं नव्हतं. तुझ्या लेखात ‘कारागिराचा धाडसी निर्णय’ म्हटलंय, ते खोडून टाक. चौथी चूक.

२८ मार्च

मिरे,

काल साहेबांच्या टेबलावर माझं निवेदन ठेवलं. चार पानं, मापांसकट. सांधा कुठे आहे, हाताला आतून आधार दिलेली तार कुठली आहे, सरस किती, सगळं. आणि आधीची सही रद्द समजावी असं.

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. मग चष्मा काढून पुसला. ‘मास्तर, तुम्ही काय केलंय कळतंय का तुम्हाला?’

‘म्हणून तर लिहून दिलं.’

‘आणि त्या बाई? त्यांचं पुस्तक?’

‘ती माझी मुलगी आहे.’

त्यांनी चारही पानं पुन्हा जुळवून टेबलाच्या कडेला ठेवली. शेवटी म्हणाले, ‘किल्ल्या ठेवा.’ मी सतरा किल्ल्या मोजून ठेवल्या. चौकशी होईपर्यंत संग्रहालयात यायचं नाही आणि शहर सोडायचं नाही, असं माझ्याकडून लिहून घेतलंय. जाताना घड्याळ दारात उभा होता. वर कामगार दोऱ्या सोडून तो मोठा हात खाली घेत होते. घड्याळाने नेहमीचा प्रश्न विचारला नाही. मीच सांगितलं, ‘साडेअकरा.’

आता मी घरी आहे. दोन खोल्या, आणि खिडकीतून माणसं पूर्ण दिसतात. सवय नाही.

ह्या पत्रासोबत एक डबी आहे. तिच्यात साच्याचा तो तुकडा आहे, मूळ हाताचा ठसा. रुमाल सोडताना बोटं कडेला लावू नकोस. साबणाचं पाणी लाव, आधी भांड्यात पाणी घे, मग त्यात प्लॅस्टर सोड, उलटं करू नकोस, पाच-सहा वर्षांची असताना करायचीस तसं. वीस मिनिटं. निघेल तो खरा हात. वाईट आहे, पण खरा आहे. त्याच्यावर काय लिहायचं ते तू बघ. छपाई थांबवता येत असेल तर थांबव. नाव खराब व्हायचं ते माझं होऊ दे, निवेदनाची प्रत सोबत जोडली आहे, ती कुणालाही दाखव.

तुझ्या आईच्या हाताचा पूर्ण मापाचा साचा आणि त्यातून काढलेला हात माझ्या कपाटात आहे, तिच्या साड्यांच्या वर. तो पाठवत नाही. बोटं नाजूक आहेत, टपालात टिकणार नाहीत. मला शहर सोडता येत नाही. तेव्हा तो न्यायचा तर तुला यावं लागेल.

एक गोष्ट उरली. काल तुझं तिसरं स्मरणपत्र आलं. पुन्हा प्रश्न पाच. मी जन्मभर मापं घेतली, पण हे माप माझ्या लक्षात यायला तीन स्मरणपत्रं लागली. पडलेल्या वीरावर पुस्तक लिहिणारी बाई अंगठ्याचा कोन कशाला विचारेल? आणि तोही एकदा नाही, तीनदा? ज्या अंगठ्याला धरून ती रस्ता ओलांडायला शिकली, तो तिने दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाटीवर बघितला, तर ती काय करेल? विचारेल. सरळ विचारणार नाही, कारण बाप कोण आहे ते तिला ठाऊक आहे. ‘महोदय’ म्हणून विचारेल. आणि वाट बघेल.

असं असेल की नसेल, मला माहीत नाही. असलं तर सात वर्षांत पहिली माफी मागायची संधी तू मला दिलीस आणि मी तुला ‘मागाहून कळवतो’ म्हणालो.

त्या संध्याकाळी मी ‘आहे. मग?’ म्हणालो होतो. त्यातलं ‘आहे’ खरं होतं. ‘मग’ मागे घेतो. तू मेंढ्यांबद्दल विचारलं होतंस ते बरोबर होतं.

प्रश्न क्रमांक पाच. स्त्रीच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं वरचं पेर बाहेरच्या बाजूला वाकलेलं आहे. कारण: कापड कापायची मोठी कात्री, रोज सात तास, सव्वीस वर्षं. पाटीवर मोजलेला कोन बावीस अंश. आज सकाळी कपाट उघडून पूर्ण मापाच्या हातावर पुन्हा मोजला. बावीस अंश. हात कितीही लहान केला तरी कोन लहान होत नाही.

बाबा